डीजेच्या प्लेअरवर लॅपटॉप दिसत नाही? आधी वाय-फाय बंद करून बघा

आपल्याकडे डीजे म्हटलं की मिरवणुकीतल्या स्पीकरच्या भिंती आठवतात. पण क्लबमध्ये, लग्नाच्या संगीतात किंवा गोव्यातल्या पार्टीत एका कानाला हेडफोन लावून उभा असतो ना, त्या डीजेच्या टेबलावरचं प्रकरण वेगळं असतं. दोन प्लेअर, मधे मिक्सर, बाजूला लॅपटॉप. आणि हे सगळं जोडणारी लॅनची साधी केबल. तुमच्या ऑफिसच्या कॉम्प्युटरला असते तीच.

आता कार्यक्रमाला वीस मिनिटं उरलीत आणि प्लेअरच्या स्क्रीनवर लॅपटॉपच दिसत नाहीये. मग काय, सामान भाड्यानं देणाऱ्याला फोन, आवाज चढवणं, डिपॉझिटवरून वाद. खरं सांगायचं तर अशा वेळी बहुतेकदा काहीच बिघडलेलं नसतं.

मुळात ही केबल लावतात कशाला? क्लबमध्ये हमखास दिसणारे प्लेअर म्हणजे पायोनियर डीजेचे सीडीजे. २००९ च्या सीडीजे-२००० बरोबर 'प्रो डीजे लिंक' नावाची सोय आली. एका प्लेअरला पेनड्राइव्ह लावला की त्यातली गाणी दुसऱ्यावरही वाजवता येतात. लॅपटॉपमध्ये रेकॉर्डबॉक्स हे सॉफ्टवेअर असेल तर तिथली अख्खी लायब्ररी प्लेअरवर उघडते. एका वेळी चार प्लेअर जोडता येतात, सगळे सीडीजे-३००० असतील तर सहा.

पहिला घोळ केबलचाच. लॅपटॉपला यूएसबी केबलनं प्लेअर जोडणं हा वेगळा प्रकार आहे, त्यात प्लेअर फक्त रिमोटसारखा वापरला जातो. लिंकसाठी लॅनची केबल लागते आणि रेकॉर्डबॉक्स परफॉर्मन्स मोडमध्ये नाही, एक्सपोर्ट मोडमध्ये हवं. तिथलं लिंक बटण दाबलं का, हेही बघून घ्या. सीडीजेला लॅनचं एकच पोर्ट असतं. म्हणजे दोनच यंत्रं असतील तर थेट जोडा, जास्त असतील तर मधे नेटवर्क स्विच लागणारच. केबल लावल्यावर स्विचवरचा दिवा लागत नसेल तर पुढचं काही तपासू नका, केबल बदला.

दिवा लागलाय, तरी दिसत नाही? मग प्रश्न पत्त्याचा आहे.

नेटवर्कवरच्या प्रत्येक यंत्राला एक आयपी पत्ता लागतो. घरी तो राउटर वाटतो, आणि तो बऱ्याचदा १९२.१६८ नं सुरू होतो. टेबलावर राउटर नसेल तर प्लेअर आणि लॅपटॉप थोडा वेळ वाट बघतात आणि मग १६९.२५४ नं सुरू होणारा पत्ता स्वतःच घेतात. कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या मित्राला हा आकडा दाखवलात तर तो म्हणेल, 'नेट गंडलंय.' इंटरनेटच्या बाबतीत त्याचं बरोबर आहे. इथं मात्र हा पत्ता चालतो. अट एकच, सगळे एकाच मालिकेतले हवेत. प्लेअर १६९.२५४ वर आणि लॅपटॉप १९२.१६८ वर असेल तर एकाच टेबलावर असूनही त्यांची भेट होत नाही. प्लेअर सुरू झाल्यावर मागाहून कुणी राउटर लावला की नेमकं हेच होऊ शकतं. अशा वेळी सगळं बंद करा. आधी राउटर आणि स्विच, मग प्लेअर, शेवटी लॅपटॉप, या क्रमानं सुरू करा आणि मिनिटभर थांबा. हे थांबणंच कुणाला जमत नाही.

आता वाय-फायचं. लॅपटॉप हॉलच्या वाय-फायलाही जोडलेला असेल तर त्याला दोन दारं झाली. रेकॉर्डबॉक्स वाय-फायच्या दाराकडे बघत बसलं तर केबलच्या दाराशी उभे असलेले प्लेअर त्याला कसे दिसणार? म्हणून वाय-फाय बंद. व्हीपीएन असेल तर तेही बंद.

तरीही जमलं नाही तर वॉचमनला विचारा, म्हणजे फायरवॉलला. प्रत्येक प्लेअर नेटवर्कवर सतत हाळी देत असतो, 'मी इथं आहे, माझा नंबर अमुक.' विंडोज नव्या केबलवरच्या नेटवर्कला पब्लिक, म्हणजे परकं समजू शकतं आणि ही हाळी आत येऊ देत नाही. फायरवॉलच्या सेटिंगमध्ये रेकॉर्डबॉक्सपुढे प्रायव्हेट आणि पब्लिक, दोन्हीकडे टिक करा. अख्खी फायरवॉल बंद करायची गरज नाही. मॅकवाल्यांसाठी २०२४ च्या सिकोया आवृत्तीपासून वेगळी परवानगी आली आहे. प्रायव्हसी अँड सिक्युरिटीमध्ये 'लोकल नेटवर्क' उघडा आणि रेकॉर्डबॉक्स चालू करा. पहिल्यांदा विचारलं तेव्हा घाईत 'नको' दाबलेलं असतं, आणि नंतर ते कुणाच्या लक्षातही राहत नाही.

लॅपटॉप सोडून एखादा प्लेअरच गायब असेल तर दोघांचा प्लेअर नंबर एकच ठेवलाय का ते बघा.

आणि केबल चालू कार्यक्रमात निघाली तर? सीडीजे-२००० नेक्सससारख्या प्लेअरमध्ये इमर्जन्सी लूप आहे. गाण्याचा पुढचा भाग मिळेनासा झाला की प्लेअर चार ठोक्यांचा तुकडा फिरवत ठेवतो, म्हणजे शांतता पसरत नाही. तेवढ्या वेळात दुसऱ्या प्लेअरला पेनड्राइव्ह लावून गाणं सुरू करायचं. फक्त ती गाणी रेकॉर्डबॉक्समधून आदल्या दिवशीच पेनड्राइव्हवर एक्सपोर्ट केलेली हवीत.