सव्वीस तारखेचा लाल रंग

गेल्या आठवड्यात कबूल केल्याप्रमाणे आज नाताळच्या फराळातली कुलकुलं आणि नेवऱ्या तळायला घ्यायच्या होत्या. पण मध्येच एका वाचकाचं पत्र आलं आणि कढई खाली उतरवून ठेवावी लागली. कोथरूडचे हे गृहस्थ गेल्या वर्षी 26 डिसेंबरला सकाळी काही कामानिमित्त कॅम्पात आले होते. चर्चचं दार उघडं दिसलं म्हणून सहज आत डोकावले. आदल्या दिवशीची रोषणाई, गव्हाणी, कागदी तारे सगळं जागच्या जागी होतं. बाकांवर मात्र मोजकीच माणसं, आणि वेदीपाशी फादर चक्क लालभडक वस्त्रात! ‘सांताक्लॉजचा रंग आता थेट वेदीपर्यंत पोचला की काय?’ असा त्यांचा सवाल आहे.

प्रश्न झकास आहे. आम्हा कॅथलिकांपैकीही अनेकांना तो पडत नाही, कारण 26 ला सकाळी आम्ही अंथरुणात असतो. मध्यरात्रीच्या मिस्सेचं, म्हणजे चर्चमधल्या उपासनेचं, जागरण, मग दिवसभर आल्यागेल्याचं आदरातिथ्य, त्यातून पहाटेची घंटा कुणाला ऐकू येणार? रोजच्या मिस्सेला न चुकता येणाऱ्या आज्या, एखादे निवृत्त गृहस्थ आणि दोन-तीन सिस्टर्स एवढीच काय ती हजेरी.

सांताक्लॉजचा इथे काडीचाही संबंध नाही. फादरांच्या वस्त्रांचा रंग काळाप्रमाणे बदलतो. नाताळाआधीच्या आगमनकाळात जांभळा आणि त्यातल्या तिसऱ्या रविवारी गुलाबी. नाताळच्या रात्री पांढरा किंवा सोनेरी येतो. लाल रंग पेंटेकॉस्टला, झावळ्यांच्या रविवारी, गुड फ्रायडेला आणि हुतात्म्यांच्या सणांना. 26 डिसेंबर हा संत स्तेफनचा दिवस, म्हणजे पहिल्या ख्रिस्ती हुतात्म्याचा. फादरांच्या अंगावरचा लाल रंग हा त्याच्या रक्ताचा.

स्तेफनची हकिकत ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या सहाव्या आणि सातव्या अध्यायात आहे. सुरुवात होते अगदी घरगुती तक्रारीने. यरुशलेममधल्या पहिल्या ख्रिस्ती मंडळीत रोजच्या अन्नवाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांना डावललं जातं, अशी कुरबुर सुरू झाली. ती मिटवायला सात जण निवडले गेले. स्तेफन त्यांतला पहिला. थोडक्यात, पंगतीत वाढप नीट व्हावं म्हणून नेमलेला माणूस. पण त्याची वाणी धारदार होती. ती लोकांना झोंबली, न्यायसभेपुढे त्याला उभं केलं गेलं आणि शेवटी शहराबाहेर नेऊन दगडांनी ठेचून मारण्यात आलं. दगड मारणाऱ्यांनी आपली वस्त्रं एका तरुणाच्या पायाशी ठेवली होती. त्याचं नाव शौल. पुढे तोच संत पौल झाला. मरताना स्तेफनने मारणाऱ्यांसाठी क्षमा मागितली.

आता खरी अडचण इथे आहे. काल पाळण्यातलं बाळ, आज दगडांचा मारा. हा काय सण साजरा करायचा प्रकार झाला? माझ्या एका मराठी मित्राने तर तोंडावर सांगितलं होतं, ‘तुम्ही लोक बारशाच्या दुसऱ्या दिवशी सुतक पाळता.’

मी त्याला आळंदीची आठवण करून दिली. कार्तिक वद्य त्रयोदशीला तिथे लाखांनी माणूस जमतो तो ज्ञानेश्वर महाराजांच्या समाधीसाठी. देहूला बीज साजरी होते ती तुकोबांच्या वैकुंठगमनाची. त्या दिवशी कुणी सुतकी चेहरा करून बसत नाही, सोहळाच होतो. संत ज्या दिवशी गेला तोच त्याचा सण, ही गोष्ट पुणेकराला कुणी समजावून सांगायला नको. चर्चही बहुतेक संतांचे सण मृत्यूच्या दिवशीच पाळतं. तो त्यांचा स्वर्गातला जन्मदिवस. मित्र गप्प झाला. पटलं म्हणून की चहा आला म्हणून, ते विचारलं नाही.

सहाव्या शतकाच्या सुरुवातीला उत्तर आफ्रिकेत फुल्गेन्शियस नावाचे बिशप होऊन गेले. 26 तारखेच्या दैनिक प्रार्थनेत आजही त्यांच्या प्रवचनाचा उतारा असतो. नगर रोडवर पेपल सेमिनरीसारख्या ज्या संस्था आहेत, तिथे धर्मगुरू होण्यासाठी शिकणारी मुलं दरवर्षी तो वाचतात. त्याचा मथितार्थ असा की काल राजाचा जन्म साजरा केला, आज त्याच्या शिपायाचा विजय साजरा करू. पुढे ते आणखी एक कमालीची गोष्ट सांगतात. ज्याच्या संमतीने दगड पडले तो पौलही स्तेफनच्याच प्रार्थनेने शेवटी स्वर्गात पोचला. मारणारा आणि मेलेला तिथे शेजारी शेजारी बसले आहेत.

हे शिपायाचं रूपक पुण्याला शोभतंही. आपल्याकडची कॅथलिक वस्तीच मुळी शिपायांमुळे रुजली. क्वार्टर गेटचं सिटी चर्च उभं राहिलं ते सवाई माधवरावांच्या काळात, 1792 साली. जागा पेशव्यांनी दिलेली आणि गरज त्यांच्या फौजेतल्या ख्रिस्ती सैनिकांची. पुढे ब्रिटिश लष्करातल्या आयरिश शिपायांसाठी सेंट पॅट्रिक्स आलं. घरापासून दूर, पगारावर लढणाऱ्या माणसांना नाताळच्या दुसऱ्या दिवशी स्तेफन परका वाटला नसणार.

आता 27 तारीख. हा योहानाचा दिवस, शुभवर्तमानकार योहानाचा. रंग पुन्हा पांढरा, कारण परंपरेप्रमाणे बारा प्रेषितांपैकी हा एकटाच म्हातारपणी, इफिससला, नैसर्गिक मरण पावला. या दिवशीच्या मिस्सेत शुभवर्तमान कोणतं वाचतात, हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी चकित झालो होतो. पेत्र आणि योहान रिकाम्या कबरीकडे धावत जातात, तो प्रसंग! शेजारी गव्हाणीत गवतावर बाळ निजलेलं आहे, कापडात गुंडाळलेलं. आणि वेदीवरून वाचन चाललं आहे ते कबरीत पडलेल्या कापडांचं. ईस्टर नाताळला येऊन भेटतो तो असा, तिसऱ्याच दिवशी.

28 ला पुन्हा लाल. निष्पाप बालकांचा सण. हेरोद राजाने बेथलेहेम परिसरातली दोन वर्षांच्या आतली मुलं मारायला लावली आणि मरिया-योसेफ बाळाला घेऊन मिसरात पळाले, ही मत्तयाने सांगितलेली कथा. किती मुलं मेली हे मत्तय सांगत नाही. नंतरच्या भाविकांनी आकडा चौदा हजारांवर नेला, कुणी त्याहून कितीतरी पुढे. बेथलेहेम तेव्हा लहानसं खेडं होतं. अभ्यासकांच्या मते मुलं फार तर वीस-पंचवीस असतील. पण ज्या आईचं मूल गेलं तिला आकड्याशी काय देणंघेणं? पूर्वी या दिवशी लाल नव्हे, जांभळा रंग असे, शोकाचा. 28 तारीख रविवारी आली तरच लाल. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर सरसकट लाल झाला.

मध्ययुगातल्या भाष्यकारांनी या तिघांची एक सुरेख मांडणी केली आहे. हौतात्म्य तीन तऱ्हांचं असतं. स्तेफनची इच्छाही होती आणि तो मेलाही. योहानाची इच्छा होती, पण मरण आलं नाही. बालकांना मरण आलं, इच्छेचा प्रश्नच नव्हता. राजपुत्र जन्मला की पहिले मानकरी हे तिघे! मांडणी देखणी आहे, पण आधी तारखा पडल्या आणि अर्थ मागून आला, हेही सांगायला हवं. चौथ्या शतकाच्या अखेरीस पूर्वेकडच्या चर्चमध्ये नाताळपाठोपाठ स्तेफन, पेत्र, याकोब, योहान, पौल असे ओळीने सण होते. पेत्र, याकोब आणि पौल पुढे इतर तारखांना गेले. पश्चिमेकडे बालकांचा सण आला आणि ही तिकडी जमली. ठरवून केलेली नसली म्हणून तिची गोडी कमी होत नाही.

घरच्या जपमाळेतही हाच धागा सापडतो. सोमवारी आणि शनिवारी आपण आनंदाची रहस्यं म्हणतो. त्यांतलं चौथं, बाळाला मंदिरात अर्पण करण्याचं. तिथे म्हातारा शिमोन बाळाला हातात घेतो आणि मरियेला सांगतो की तुझ्या जिवातून तलवार आरपार जाईल. हे आनंदाचं रहस्य! 29 डिसेंबरच्या मिस्सेत हाच उतारा वाचला जातो. आमच्या आज्या माळेचे मणी ओढताना हे सगळं कसलंही भाष्य न वाचता जगत आल्या. जन्माच्या घरात त्यांनी मरणं पाहिली होती, त्यामुळे त्यांना 26 तारखेचं नवल वाटत नसे.

बाजाराचा नाताळ 25 ला रात्री संपतो. 26 ला एम. जी. रोडवरच्या दुकानांत थर्टी फर्स्टच्या पाट्या लागतात. चर्चचा नाताळ मात्र 25 ला सुरू होतो आणि प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंत, म्हणजे जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास चालतो. आमच्या ओळखीच्या एका घरी बाळाला भेटायला निघालेले गव्हाणीतले तीन राजे तेव्हा अजून शोकेसच्या पार टोकाला, टीव्हीच्या मागे उभे असतात. घरातली नात त्यांना रोज वीतभर पुढे सरकवते. गव्हाणीपाशी पोचायला त्यांना जानेवारी उजाडतो.

तेव्हा कोथरूडकर, यंदा 26 ला पुन्हा या. मुद्दाम या आणि मागच्या बाकावर निवांत बसा. त्या दिवशी जागेची टंचाई नसते आणि मिस्सा अर्ध्या-पाऊण तासात आटोपते. जमलं तर 28 पर्यंत तिन्ही दिवस या. नाताळ म्हणजे काय हे मध्यरात्रीच्या झगमगाटापेक्षा या तीन साध्या सकाळी जास्त चांगलं सांगतात, असं माझं ठाम मत आहे. मात्र 28 ला रविवार असेल तर पवित्र कुटुंबाचा सण असतो आणि बालकांचा दिवस त्या वर्षापुरता राहून जातो, तेवढं कॅलेंडर बघून निघा.

कुलकुलं पुढच्या आठवड्यात, नक्की. नारळाचं दूध घालायचं की नाही यावर गोवेकर आणि वसईकर वाचकांनी आपापली बाजू तोवर लिहून पाठवावी.