गावाकडच्या सुखाची भाषा : ‘द डार्लिंग बड्स ऑफ मे’ या मालिकेच्या निमित्ताने



साहित्यकृतीचे दूरचित्रवाणीसाठी रूपांतर होते तेव्हा काय घडते, याचा विचार करताना आपण बहुधा गंभीर कृतींची उदाहरणे घेतो. घरगुती, विनोदी, शेवट गोड होणाऱ्या मालिका ‘हलक्याफुलक्या’ म्हणून बाजूला ठेवल्या जातात. त्या पाहिल्या की बरे वाटते, एवढेच त्यांच्याविषयी म्हटले जाते. परंतु ‘बरे वाटते’ हा परिणाम झाला. त्याचे स्पष्टीकरण अजून व्हायचे असते. प्रस्तुत लेखात आपण ग्रामीण कुटुंबजीवनावरील एक ब्रिटिश मालिका घेऊन हे बरे वाटणे कशातून सिद्ध होते आणि त्यात भाषेचा वाटा कोणता असतो, ते पाहणार आहोत. आपण ही मालिका पाहिली नसण्याचीच शक्यता अधिक. म्हणून प्रथम तिचा परिचय करून घेऊ.

‘द डार्लिंग बड्स ऑफ मे’ ही मालिका यॉर्कशायर टेलिव्हिजनने निर्माण केली व ती 1991 ते 1993 या काळात ब्रिटनमधील आयटीव्ही वाहिनीवरून 20 भागांत प्रसारित झाली. तिचा आधार होती एच. ई. बेट्स यांची त्याच नावाची कादंबरी (1958) आणि तिच्या पुढे आलेल्या, याच कुटुंबावरील आणखी चार कादंबऱ्या. शीर्षक शेक्सपिअरच्या अठराव्या सुनीतातून घेतलेले आहे. मालिकेच्या निर्मितीत लेखकाचे पुत्र रिचर्ड बेट्स यांचा प्रमुख सहभाग होता. चित्रीकरण इंग्लंडच्या आग्नेयेकडील केंट परगण्यात, प्लकली या गावाच्या परिसरात झाले. बेट्स स्वतः केंटमध्येच, जवळच्या लिटल चार्ट या गावी राहत असत.

कथानक थोडक्यात असे आहे. काळ 1950 नंतरच्या दशकाचा. पॉप लार्किन हा भंगाराची आणि मिळेल त्या वस्तूची खरेदीविक्री करणारा, थोडी शेतीवाडी असलेला गृहस्थ. मा ही त्याची सहचारिणी. दोघांचे लग्न झालेले नाही आणि त्याचे घरात कुणालाही ओझे नाही. सहा मुले, कोंबड्या, डुकरे, अंगणात पसरलेले भंगार आणि सतत काहीतरी शिजत असलेले स्वयंपाकघर. या घरी एके दिवशी प्राप्तिकर कार्यालयातला एक तरुण कर्मचारी येतो. पॉपने कराचा तक्ता कधी भरलेलाच नाही, तो भरून घेणे हे त्याचे काम. त्याला जेवायला बसवले जाते, मद्य पाजले जाते, थोरली मुलगी मॅरिएट त्याच्या नजरेस पडते, आणि हा कर्मचारी कचेरीत परत जायचे विसरतो. पुढे तो त्या घराचा जावई होतो. मालिकेत डेव्हिड जेसन यांनी पॉपची, पॅम फेरिस यांनी माची, कॅथरिन झीटा-जोन्स यांनी मॅरिएटची आणि फिलिप फ्रँक्स यांनी त्या कर्मचाऱ्याची भूमिका केली होती.

मागे पाहणाऱ्यांच्या मागे

‘नॉस्टॅल्जिया’ हा शब्द 1688 मध्ये योहानेस होफर या वैद्यकशास्त्राच्या विद्यार्थ्याने बाझेल येथे सादर केलेल्या प्रबंधात घडवला. ‘घरी परतणे’ आणि ‘वेदना’ या अर्थांचे दोन ग्रीक शब्द जोडून त्याने एका आजाराला नाव दिले. परमुलखात गेलेल्या माणसांना घराच्या ओढीने होणारा तो आजार होता. मराठीत आपण या एका शब्दाचे जणू दोन वाटे केले. ‘गतकातरता’ म्हटले की वेदना पुढे येते, ‘स्मरणरंजन’ म्हटले की सुख पुढे येते. समीक्षेत ‘स्मरणरंजन’ हा शब्द बहुधा किंचित तुच्छतेने वापरला जातो. जणू रंजन झाले म्हणजे काहीतरी खोटे झाले. या तुच्छतेशी मी पूर्णपणे सहमत नाही. त्याचे कारण पुढे येईल.

प्रथम काळाचा हिशेब पाहा. ब्रिटनमध्ये युद्धकाळात, 1940 साली सुरू झालेले अन्नधान्याचे शिधावाटप 1954 च्या जुलैपर्यंत चालू होते. मांसावरचे नियंत्रण सर्वांत शेवटी उठले. म्हणजे कादंबरी आली तेव्हा मोजून लोणी आणि मोजून साखर खाल्लेली चौदा वर्षे वाचकांच्या अगदी ताज्या आठवणीतली होती. लार्किन कुटुंबाच्या टेबलावरचे भाजलेले मांस, मलई, स्ट्रॉबेरी यांची वर्णने त्या पार्श्वभूमीवर वाचली पाहिजेत. 1958 च्या वाचकासाठी ते स्मरणरंजन नव्हतेच. ती इच्छापूर्ती होती. तेहतीस वर्षांनी मालिका आली तेव्हा तेच टेबल ‘पूर्वीचे चांगले दिवस’ होऊन बसले. एका पिढीने जे स्वप्न म्हणून वाचले, ते पुढच्या पिढीने आठवण म्हणून पाहिले.

रेमंड विल्यम्स यांनी ‘द कंट्री अँड द सिटी’ (1973) या ग्रंथात या प्रकाराला सरकत्या जिन्याची उपमा दिली आहे. खरे गाव आत्ताआत्तापर्यंत होते, ते नुकतेच हरवले, असे प्रत्येक पिढीचा लेखक म्हणतो. त्याच्या मागच्या पिढीत जावे तर तेथेही तीच तक्रार ऐकू येते, आणि जिना मागे मागे सरकत राहतो. 2021 साली आयटीव्हीने ‘द लार्किन्स’ या नावाने हेच कुटुंब पुन्हा पडद्यावर आणले. जिना अजून थांबलेला नाही, असेच म्हणावे लागेल.

येथे एक योगायोग नोंदवावासा वाटतो. ब्रिटनमध्ये त्या काळी प्रौढ व्यक्तीमागे आकारला जाणारा ‘पोल टॅक्स’ अतिशय अप्रिय झाला होता. 1990 च्या मार्चमध्ये त्याविरुद्ध लंडनमध्ये दंगल झाली आणि 1991 च्या मार्चमध्ये सरकारने तो मागे घेण्याची घोषणा केली. करवसुलीला आलेला माणूस जेवून-खाऊन कर विसरतो, ही गोष्ट त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये घराघरांत पोचली. मालिकेच्या अफाट लोकप्रियतेचे हेच कारण होते असे सिद्ध करता येणार नाही. परंतु प्रेक्षक कोणत्या मनःस्थितीत हसत असेल, याची कल्पना त्यावरून येते.

‘पर्फिक’

आता भाषेकडे वळू. माझ्या मते या मालिकेचे मर्म तेथेच आहे.

पॉपच्या तोंडी एक शब्द सतत येतो : ‘पर्फिक’. मूळ शब्द ‘परफेक्ट’. शब्दाच्या शेवटी आलेल्या ‘क्ट’ या जोडव्यंजनातील ‘ट’ गळाला आणि आधीचा स्वर बदलला. भाषाविज्ञानात याला व्यंजनसमूहाचे सुलभीकरण म्हणतात. आपल्याकडे ‘रिपोर्ट’चा ‘रिपोट’ होतो, तीच ही प्रक्रिया. ‘फर्स्टक्लास’चे ‘फसकलास’ तर आपण सर्वांनी ऐकलेले आहे, आणि ‘पर्फिक’चे मराठी रूपांतर करायचे झाल्यास मी हाच शब्द निवडेन. उच्चारप्रक्रिया तीच, अर्थ तोच आणि तो उच्चारताना चेहऱ्यावर येणारे समाधानही तेच.

विनोदी लेखनात असा उच्चार सामान्यतः कशासाठी वापरला जातो? बोलणाऱ्याचे अडाणीपण दाखवण्यासाठी. प्रमाणभाषा बोलणारा निवेदक, बोली बोलणारे पात्र, आणि दोघांच्या मधल्या अंतरावर हसणारा वाचक अशी ही जुनी मांडणी आहे. आपल्या दूरचित्रवाणीवर ती आजही सर्रास दिसते. मालवणी, वऱ्हाडी वा कोल्हापुरी बोलणारे पात्र आले की काही विनोद घडण्यापूर्वीच पार्श्वसंगीत हसू लागते. संपर्कवर्गात मी अनेक वर्षे एक गोष्ट पाहत आलो आहे. प्रौढ विद्यार्थी उत्तर द्यायला उभा राहतो, घरचा शब्द ओठांवर येतो आणि तो गिळून टाकतो. पुस्तकी शब्द आठवेपर्यंत उत्तर निसटते. या गिळण्यामागे असे शेकडो विनोद असतात.

लार्किनांच्या घरात ही मांडणी उलटी केलेली आहे. येथे बोली ही यजमानाची भाषा आहे आणि प्रमाणभाषा पाहुण्याची. ज्याच्याकडे अन्न आहे, पैसा आहे, मोकळेपणा आहे, तो ‘पर्फिक’ म्हणतो. ज्याच्याकडे तक्ता आहे, तो शुद्ध बोलतो. आणि तो फिकुटलेला, भुकेला, संकोचलेला आहे. हसू येते ते त्याच्या शुद्धतेचे. त्यातही हसण्यात कडवटपणा नाही, कारण घर त्याला हाकलत नाही, वाढून देते. गावाकडच्या सुखाचे चित्र रंगवणाऱ्या बऱ्यावाईट मालिकांमधला फरक ओळखण्याची माझी कसोटी हीच आहे : बोली कुणाच्या अंगणात बोलली जाते, आणि हसले कुणाला जाते?

आणखी एक बारकावा संबोधनांचा आहे. त्या तरुणाचे नाव सेड्रिक चार्लटन. कचेरीच्या दृष्टीने तो ‘मिस्टर चार्लटन’. घरात मात्र त्याचा ‘चार्ली’ होतो, आणि त्याच्या खऱ्या नावाशी कुणाला कर्तव्य उरत नाही. नाव बदलले त्या क्षणी त्याचे पद गेले. उलट बाजूने, ‘मा’ आणि ‘पॉप’ ही मुलांनी आईवडिलांना मारायची हाक. पण आपण प्रेक्षकही त्यांना त्याच नावांनी ओळखतो. आपल्या गावांत घरचे ‘तात्या’ सगळ्या आळीचे ‘तात्या’ होतात, त्याची येथे आठवण व्हावी.

समजा, हा प्रसंग आपल्याला मराठीत आणायचा आहे. इंग्रजीत ‘यू’ एकच असल्याने मूळ लेखकाला जो प्रश्न पडला नाही, तो आपल्याला पडेल : मा त्याला ‘तुम्ही’ सोडून ‘तू’ कधी म्हणू लागेल? साताऱ्या-कोल्हापूरकडची मा असेल तर प्रथम म्हणेल, ‘साहेब, बसा’. मग ‘पावणं, जेवून जावा’. आणि ताट पुढे आल्यावर, ‘खा की रं, लाजतुयास काय’. तिन्ही वाक्ये स्वागताचीच आहेत. पण पहिल्यापासून तिसऱ्यापर्यंत एक सरकारी माणूस घरचा मुलगा झाला. सारे कथानक या तीन क्रियापदांच्या रूपांत सामावते.

जे चौकटीबाहेर राहते

अशा मालिकेची मोहिनी मान्य करून काही प्रश्न विचारले पाहिजेत. केंट हा इंग्लंडचा ‘बगीचा’ म्हणून ओळखला जातो. तेथे फळबागा होत्या, तशीच हॉप या वेलीची मोठी लागवड होती. बिअरला कडवटपणा येतो तो हॉपमुळे. त्याच्या तोडणीसाठी लंडनच्या ईस्ट एंड भागातील गरीब कामगार कुटुंबे, बायका आणि मुले प्रामुख्याने, दर वर्षी उन्हाळ्याच्या अखेरीस केंटमध्ये येत आणि मळ्यावरच्या खोपटांत राहून मजुरी करीत. त्यांच्यापैकी अनेकांना हे दिवस मोकळ्या हवेतली सुट्टी म्हणूनच आठवत. पण ती सुट्टी मजुरीवर होती. पुढे तोडणीची यंत्रे आली आणि प्रथा संपली. मालिकेच्या सोनेरी उन्हात शेतावरचे काम सहलीसारखे दिसते. ऊसतोडणीच्या टोळ्या जवळून पाहिलेल्या आपल्यापैकी कुणालाही ही सहल लगेच खटकेल, आणि ते खटकणे योग्यच आहे.

कराच्या बाबतीतही तेच. 1948 पासून ब्रिटनमध्ये सर्वांसाठी सार्वजनिक आरोग्यसेवा सुरू झाली होती. ती कराच्या पैशावर चालत असे. सहा मुलांचा बाप असलेल्या पॉपने कर का भरू नये, हा प्रश्न मालिका विचारत नाही. विचारला असता तर पॉपचे औदार्य जरा वेगळे दिसले असते. डेव्हिड जेसन यांनी याआधी ‘ओन्ली फूल्स अँड हॉर्सेस’ या मालिकेत लंडनमधील असाच एक कर चुकवणारा विक्रेता साकारला होता. तेथे, शहरातल्या उंच इमारतीत, तो लटपट्या ठरतो. केंटच्या हिरवळीवर तेच वागणे दिलदारपणा ठरते. ग्रामीण पार्श्वभूमीला केवढी सूट मिळते, हे यावरून कळेल.

तरीही मी स्मरणरंजनाला खोटे म्हणून निकालात काढत नाही. स्वेतलाना बॉइम यांनी 2001 साली ‘द फ्यूचर ऑफ नॉस्टॅल्जिया’ या ग्रंथात त्याचे दोन प्रकार सांगितले : हरवलेले घर जसेच्या तसे पुन्हा उभारू पाहणारे, आणि ते परत येणार नाही हे जाणून त्याच्या ओढीचा विचार करणारे. पहिला प्रकार हट्टी आणि प्रसंगी धोकादायक असतो. लार्किनांचे घर कुणालाही पूर्वीच्या नियमांकडे परत बोलावत नाही. तेथे लग्नाचा दाखलाही कुणी मागत नाही. ते मागते ते इतकेच की आलेल्याने बसावे आणि जेवावे. गावापासून दूर, नोकरीधंद्यात राहून आपण शिकत आहात. ही ओढ आपल्याला पुस्तकातून शिकावी लागणार नाही.

स्वाध्याय : आपल्या पाहण्यातील एखाद्या मराठी मालिकेतील किंवा ग्रामीण कथेतील असा प्रसंग निवडा, ज्यात बाहेरचा अधिकारी, शिक्षक वा पाहुणा गावातील घरी येतो. घरातील माणसे त्याला आल्यावर काय म्हणतात, चहा झाल्यावर काय म्हणतात आणि निघताना काय म्हणतात, ती संबोधने व क्रियापदांची रूपे जशी उच्चारली जातात तशीच लिहून काढा. त्यांतील कोणतेही रूप प्रमाण करू नका.