इंजिन अवेळी का जातं, आणि कंपनी 'नाही' म्हणाली तर आपल्या हातात काय असतं?

या वेळच्या व्हिडिओत घरच्या गाडीच्या इंजिनबद्दल बोललो. आकडे आणि कायद्याचे मुद्दे व्हिडिओत पटकन निघून जातात, म्हणून इथे सगळं नीट लिहून देतोय. सेव्ह करून ठेवा.

आता तुम्ही म्हणाल, धंद्याच्या शिकवणीत गाडीचं इंजिन कुठून आलं? बघा, आपल्या पासली-वेल्हे-भोर भागात धंदा सुरू करणारा माणूस पहिल्याच दिवशी टेम्पो घेत नाही. घरची जी गाडी आहे, तीच कामाला लागते. सकाळी घरच्यांना दवाखान्यात न्यायचं, दुपारी पुण्याहून दुकानाचा माल आणायचा. म्हणजे गाडी बसली की घर आणि धंदा दोन्ही एकदम बसतात.

एक हिशोब मांडू. आकडे फक्त समजण्यासाठी धरलेत. समजा इंजिनच्या कामाला १,२०,००० रुपये लागले. गाडी ४५ दिवस वर्कशॉपमध्ये पडून राहिली. रोजचा ७०० रुपये नफा बुडाला, म्हणजे ३१,५०० गेले. गाडीचा हप्ता महिना १२,०००, म्हणजे दीड महिन्याचे १८,००० गाडी न वापरता भरले. एकूण १,६९,५००. आणि कंपनीनं काम वॉरंटीत फुकट करून दिलं तरी ४९,५०० तुमच्याच खिशातून गेले. छोट्या दुकानाचं निम्मं भांडवल असं जाऊ शकतं.

इंजिन वेळेआधी का जातं?

पाच कारणं लक्षात ठेवा.

१. ऑईल. इंजिनमधला क्रँकशाफ्ट आणि त्याची बेअरिंग एकमेकांना थेट टेकत नाहीत. मध्ये ऑईलचा पातळ थर असतो. ऑईल कमी झालं, जुनं होऊन घट्ट गाळ झाला किंवा ऑईलची वाट तुंबली, की हा थर तुटतो. धातूवर धातू घासतो. आधी टकटक आवाज येतो, मग इंजिन जाम होतं. आणि हे ध्यानात घ्या, डॅशबोर्डवरचा लाल ऑईलचा दिवा दाब कमी झाल्याचं सांगतो. तो लागला म्हणजे 'घरी जाऊन बघू' नाही, जागेवर गाडी बंद.

२. उष्णता. कूलंट गळलं, फॅन बंद पडला, की तापमान चढतं. अ‍ॅल्युमिनियमचं हेड वाकतं, हेड गॅस्केट जाते, ऑईल आणि कूलंट एकमेकांत मिसळतात. ऑईलच्या झाकणाखाली दुधाळ फेस दिसला तर तो याचा इशारा असू शकतो. काटा वर गेल्यावर पुढच्या गावापर्यंत रेटलेले दोन किलोमीटर सगळ्यात महाग पडतात.

३. टायमिंग बेल्ट. ज्या गाड्यांना बेल्ट आहे, त्यांच्यात तो तुटला की बऱ्याच इंजिनांमध्ये व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून वाकतात. बेल्ट किलोमीटर किंवा वर्षं, जे आधी होईल त्याप्रमाणे बदलायचा असतो. 'रनिंग कमी आहे' म्हणून तो तरुण राहत नाही.

४. पाणी. रस्त्यावरून ओढा वाहत असताना गाडी घातली आणि हवेच्या वाटेनं पाणी सिलेंडरमध्ये गेलं, तर संपलं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. कनेक्टिंग रॉड वाकतो. पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारू नका. टोचन करून बाहेर काढा.

५. छोट्या फेऱ्या. बीएस-६ डिझेल गाडीत धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असतो. तो स्वतःला साफ करायला गाडी थोडा वेळ सलग आणि गरम चालावी लागते. रोज दोन-दोन किलोमीटरच पळवली तर सफाई अर्धवट राहते आणि काही गाड्यांत न जळलेलं डिझेल ऑईलमध्ये उतरून ऑईल पातळ होतं. डिपस्टिकवर ऑईल वाढलेलं दिसलं तर खूश होऊ नका, वर्कशॉपला दाखवा.

आपल्या रस्त्यांचा वेगळा हिशोब

पासलीहून केळद, मढे घाटाकडे किंवा भोरच्या बाजूला माल भरून निघालात की काय होतं? चढ, खालचा गिअर, कमी वेग. इंजिन जोरात फिरतंय, पण समोरून रेडिएटरला हवा कमी. वर पावसाळ्यात पाणी आणि उन्हाळ्यात धूळ.

आता गाडीचं मॅन्युअल उघडा. बऱ्याच कंपन्यांच्या मॅन्युअलमध्ये सर्व्हिसची दोन वेळापत्रकं असतात. एक साधं, दुसरं कठीण वापरासाठी. डोंगराळ रस्ता, धूळ, जड ओझं, सतत छोट्या फेऱ्या, हे सगळं दुसऱ्यात येतं आणि त्यात ऑईल लवकर बदलायला सांगितलेलं असतं. आपण साधं वेळापत्रक पाळून निर्धास्त राहतो आणि वाद झाल्यावर कंपनी दुसऱ्या पानावर बोट ठेवते. म्हणून सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरला आत्ताच विचारा, 'माझ्या वापराला कोणतं वेळापत्रक?' आणि उत्तर जॉब कार्डवर लिहून घ्या.

कंपनी 'नाही' का म्हणते?

मालकाचा संताप कुठे होतो? इंजिन जातं तेव्हा माणूस हताश होतो. संताप होतो तो 'तुमच्याच वापरामुळे झालं' हे वाक्य ऐकल्यावर. दहा लाखांची गाडी, वेळेवर हप्ते, आणि वर दोषही आपल्यालाच!

पण भावना बाजूला ठेवून कागद वाचू. वॉरंटीत कंपनी काय कबूल करते? साहित्याचा किंवा बनावटीचा दोष असेल तर तो भाग दुरुस्त करणं किंवा बदलणं. त्याला अटी असतात: सर्व्हिस वेळेवर, ठरलेलं ऑईल, ठरलेलं इंधन, जादा ओझं नाही. खासगी नोंदणीची गाडी भाड्यानं चालवली तर वॉरंटी नाकारली जाऊ शकते, शिवाय आरटीओचा प्रश्न वेगळाच.

२००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मारुती उद्योगच्या एका प्रकरणात हाच मुद्दा स्पष्ट केला. वाद क्लचमधल्या दोषाचा होता. वॉरंटीनुसार कंपनीची जबाबदारी दोषी भाग दुरुस्त करण्याची किंवा बदलण्याची आहे, त्यामुळे अख्खी गाडी बदलून देण्याचा आदेश टिकला नाही. तेव्हा 'नवी गाडीच द्या' या मागणीवर वर्षं घालवण्याआधी विचार करा. इंजिन बदलून मिळणं आणि झालेल्या त्रासाची भरपाई मिळणं, हे मागणं जास्त पक्कं असतं.

विम्याचंही तेच. नेहमीच्या पॉलिसीत यांत्रिक बिघाड आणि झीज धरलेली नसते. पाण्यामुळे इंजिन गेलं तर 'इंजिन प्रोटेक्ट' नावाचं जोडकवच घेतलेलं असेल तरच बहुतेक वेळा दावा उभा राहतो. आपल्या भागातल्या पावसात त्या जोडकवचाचा भाव नक्की विचारा.

पण दोष खरंच कंपनीचा असेल तर?

असतोही. सगळ्यात मोठं उदाहरण अमेरिकेतलं. ह्युंदाईनं तिथे २०१५ मध्ये २०११ आणि २०१२ च्या सुमारे ४ लाख ७० हजार सोनाटा गाड्या परत बोलावल्या. कारखान्यात क्रँकशाफ्ट कापताना धातूचे बारीक कण तयार होत होते. ते पूर्ण साफ झाले नाहीत तर ऑईलच्या वाटेत अडकायचे, बेअरिंगला ऑईल मिळायचं नाही आणि इंजिन बंद पडायचं. म्हणजे वर सांगितलेलं पहिलंच कारण, पण चूक मालकाची नाही. २०१७ मध्ये ह्युंदाई आणि किया मिळून आणखी सुमारे १२ लाख गाड्या बोलावल्या गेल्या. हे रिकॉल उशिरा केले म्हणून २०२० मध्ये दोन्ही कंपन्यांवर मिळून २१ कोटी डॉलरची दंडात्मक कारवाई ठरली. आतली माहिती सरकारला देणारा कंपनीचाच एक माजी अभियंता होता.

यातून आपण काय घ्यायचं? बिघडलेलं इंजिन बाहेरून बघून दोष कारखान्याचा की मालकाचा, हे कळत नाही. ज्याच्याकडे ऑईल बदलल्याची बिलं असतात, त्याच्यावर 'निष्काळजीपणा'चा शिक्का मारणं अवघड जातं. इंजिनचा वाद इंजिन जायच्या आधीच, तुमच्या फाइलमध्ये जिंकला किंवा हरला जातो.

फाइलमध्ये काय हवं?

- प्रत्येक सर्व्हिसचं बिल आणि जॉब कार्ड. बाहेरच्या गॅरेजला काम केलं तरी पक्कं बिल, त्यावर ऑईलचा ग्रेड, तारीख आणि किलोमीटर.
- ऑईल किती वेळा आणि किती वाढवलं, त्याची नोंद. काही कंपन्या ठरावीक प्रमाणात ऑईल कमी होणं 'नॉर्मल' धरतात. नोंद असेल तरच तुम्ही मर्यादा ओलांडल्याचं दाखवू शकता.
- पहिला आवाज, पहिला धूर, पहिला दिवा लागला तेव्हाचा मोबाइल व्हिडिओ, किलोमीटरसह.
- तक्रार तोंडी नाही. जॉब कार्डवर तुमच्या शब्दांत लिहून घ्या. 'जनरल चेकअप' असं लिहू देऊ नका.

इंजिन गेलंच तर आणखी तीन गोष्टी. एक, गाडी टोचन करूनच न्या. दोन, इंजिन उतरवून उघडतील तेव्हा हजर राहा, फोटो काढा, काढलेले भाग टाकू देऊ नका. तीन, वॉरंटी नाकारली तर कारण लेखी मागा. 'साहेब नाही म्हणाले' हे कारण नाही.

पुढची पायरी

आधी कंपनीच्या ग्राहक विभागाला ईमेल. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथे सुटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. गाडीची किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्ह्यातच चालते. फी किती? ५ लाखांपर्यंत काहीच नाही, ५ ते १० लाखांना २०० रुपये, १० ते २० लाखांना ४०० रुपये. २०१९ च्या कायद्यानं तुम्ही जिथे राहता किंवा काम करता तिथेच तक्रार करता येते. म्हणजे गाडी मुंबईत घेतली असली तरी आपलं पुणे चालतं. ऑनलाइन दाखल करायला ई-जागृती पोर्टल आहे. मुदत मात्र दोन वर्षांची, ती चुकवू नका.

पुरावा द्यायचं काम साधारणपणे तक्रारदाराचं असतं. म्हणून स्वतंत्र मेकॅनिकल इंजिनिअरचा किंवा सर्व्हेअरचा लेखी अहवाल जोडा. गाडीची तज्ज्ञ तपासणी व्हावी अशी मागणी आयोगाकडेही करता येते.

आता धंदेवाल्यांसाठी सगळ्यात महत्त्वाचं. समोरचा वकील म्हणेल, 'गाडी व्यवसायासाठी वापरता, तुम्ही ग्राहकच नाही.' घाबरू नका. स्वयंरोजगारातून स्वतःच्या पोटापाण्यासाठी घेतलेली वस्तू कायद्यानं 'व्यावसायिक हेतू'तून वगळली आहे. १९९५ च्या लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं याचं स्पष्टीकरण दिलंय: स्वतः चालवून पोट भरण्यासाठी रिक्षा घेणारा माणूस ग्राहकच आहे. पण चार गाड्या घेऊन ड्रायव्हर ठेवलेत, तर गणित बदलतं.

हाच धडा आपल्या काउंटरवर

मित्रांनो, उद्या तुम्हीही कुणाला मिक्सर, पंप, मसाल्याची गिरणी विकणार आहात. तक्रार घेऊन येणारा माणूस तुमच्यासमोर तसाच उभा राहील, जसे तुम्ही कंपनीसमोर.

पुण्यातलंच उदाहरण घ्या. टेल्को, म्हणजे आजची टाटा मोटर्स, हिनं १९९८ च्या डिसेंबरअखेरीस इंडिका आणली. मागणी प्रचंड, पण सुरुवातीच्या गाड्यांबद्दल तक्रारीही आल्या. २०००-०१ मध्ये कंपनीला सुमारे ५०० कोटींचा तोटा झाला. त्याला ट्रकची मंदीही कारण होती. अशा काळात ग्राहकाला दोष देऊन गप्प बसता आलं असतं. कंपनीनं गाडी सुधारली आणि २००१ मध्ये इंडिका व्ही-टू आणली. ती चालली. दुसरीकडे अमेरिकेत उशीर केलेल्यांना दंडाची रक्कम बघावी लागली. तक्रार लवकर ऐकणं दंडापेक्षा स्वस्त पडतं, मोठ्या कंपनीला आणि छोट्या दुकानालाही.

म्हणून वॉरंटी कार्डवर अटी मराठीत, मोठ्या अक्षरात लिहा. विकतानाच वाचून दाखवा. तक्रार वहीत नोंदवा, तारीख टाका. 'नाही' म्हणायचं असेल तर कारण सांगून म्हणा.

आणि आज संध्याकाळी एवढं करा: गाडी सपाट जागी लावा, इंजिन थंड होऊ द्या, डिपस्टिक काढून ऑईल बघा, कूलंटची टाकी बघा, आणि शेवटच्या सर्व्हिसचं बिल शोधा. बिल सापडलं नाही तर उद्याच वर्कशॉपकडून त्याची प्रत मागवून घ्या. पुढच्या व्हिडिओत आपल्या दुकानासाठी साधं वॉरंटी कार्ड कसं बनवायचं ते बघू. भेटूया!