सातबारावरचा भागीदार

नवी मुंबई विमानतळावरून प्रवासी विमाने उडू लागली 25 डिसेंबर 2025 रोजी. केंद्राची तत्त्वतः मंजुरी 2007 मधली आणि पायाभरणी फेब्रुवारी 2018 मधली. निम्म्याहून अधिक काळ पायाभरणीआधीच गेला. मोठे प्रकल्प बांधकामापेक्षा जमिनीवर जास्त अडतात, ते असे. विमानतळ कंपनीत सिडको या सरकारी नियोजन महामंडळाचा वाटा 26 टक्के, खासगी भागीदाराचा 74. उलव्याची टेकडी फोडणे, नदीचा प्रवाह वळवणे, उच्चदाबाच्या वीजवाहिन्या हलवणे आणि दहा गावांचे पुनर्वसन ही जोखीम सिडकोने स्वतःकडे घेतली. ही वाटणी योग्यच होती, कारण जोखीम जो पेलू शकतो त्यानेच ती घ्यावी. लंडनच्या हीथ्रो विमानतळाच्या पाचव्या टर्मिनलसाठी मालक कंपनीनेही हेच केले. जोखीम तिची, म्हणून ठेकेदारांना अडचणी लपवायचे कारण उरले नाही. काम वेळेत झाले. 2008 मध्ये उद्घाटनाच्या दिवशी सामानाची व्यवस्था मात्र कोलमडली, कारण ती चालवणाऱ्यांची तयारी अपुरी होती. सहकार्याच्या वर्तुळाबाहेर जो राहतो, त्याच्यापाशीच प्रकल्प फसतो.

पनवेल-उरणमध्ये या वर्तुळाबाहेर राहिला तो भूधारक. सिडकोसाठीच्या भूसंपादनाविरुद्धच्या 1984 च्या जासई आंदोलनात पाच शेतकऱ्यांचे प्राण गेले, तेव्हा कुठे दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील लढ्यातून संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचे तत्त्व आले. विमानतळासाठी हे प्रमाण साडेबावीस टक्क्यांवर गेले. विमानतळाभोवतीच्या ‘नैना’ या अधिसूचित क्षेत्राच्या नगररचना योजनांत मालकाला 40 टक्के जमीन अंतिम भूखंड म्हणून परत मिळते. वाटा वाढत गेला, ही मोठी कमाई आहे. पण वाटा मिळाला म्हणजे निर्णयात मत मिळाले असे नव्हे. मालकांची सभा होते ती मांडलेल्या प्रस्तावावर सूचना ऐकण्यापुरती.

भूधारकांसह इतके जण निर्णयासाठी एका टेबलावर आले तर काम रखडेल, हा आक्षेप खरा मानला तरी ते बाहेर असताना अकरा वर्षे गेलीच. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. अशा सहकार्यासाठी ठेकेदार निवडताना सर्वात कमी दराच्या निविदेची पद्धत सोडली, तर संगनमत वाढेल. त्यावर उपाय आहे. लक्ष्यित खर्च आधी ठरवावा, बचत आणि तोटा दोन्ही वाटून घ्यावेत, हिशेब सर्वांना खुले ठेवून त्रयस्थाकडून तपासावेत. कमी दराने काम घेऊन पुढे वाढीव दावे आणि लवादात अडकणे हेही महागच पडते. ‘नैना’तल्या पुढच्या योजनेत सिडकोने भूधारकांचे निवडलेले प्रतिनिधी आराखडा आखण्याआधीच, मताच्या अधिकारासह, सोबत घ्यावेत.