हजेरीच्या वहीत नाव होतं का?

शिंदखेडा, दोंडाईचा आणि नरडाणा ही तिन्ही स्टेशनं सुरत–भुसावळ लोहमार्गावरची. शिंदखेडा तालुक्यातल्या तरण्या पोरांना पोट भरायला सुरत जवळची वाटते ती या गाडीमुळेच. उधना, पांडेसरा, लिंबायत भागात पाळी सुटली की अहिराणी सहज कानावर पडते. कोरोनामुळे २२ मार्च २०२० च्या मध्यरात्रीपासून प्रवासी गाड्या बंद झाल्या आणि खान्देशातला कामगार तिकडेच अडकला. इकडे तालुक्याच्या कडेने जाणाऱ्या मुंबई–आग्रा महामार्गावरून मे महिन्यात माणसं बिजासन घाटाकडे पायी निघाली होती.

या काळात कामगाराला हक्क नव्हते असं नाही. २९ मार्चला केंद्रीय गृह मंत्रालयाने आदेश काढला, की टाळेबंदीत आस्थापना बंद असली तरी मालकाने ठरल्या दिवशी, काहीही न कापता पगार द्यायचा. हा आदेश १८ मेपासून मागे घेतला गेला. मालक सर्वोच्च न्यायालयात गेले होते. पगार न देणाऱ्यांवर तूर्त सक्तीची कारवाई करू नये, मालक आणि कामगारांनी बोलणी करून तोडगा काढावा, असं न्यायालयाने १२ जूनला सांगितलं. बोलणी कोणी कोणाशी करायची? ज्याला मालकाचं नावही ठाऊक नाही, ठेकेदाराचा फोन लागत नाही, त्याच्यासाठी त्या आदेशाला अर्थ उरला नाही.

सुरतेत राबणाऱ्यांना थेट लागू पडणारा निकाल मात्र वेगळाच आहे आणि त्याची चर्चा आपल्याकडे फारच कमी झाली. गुजरात सरकारने १७ एप्रिल २०२० ला अधिसूचना काढून कारखान्यांना दिवसाला १२ आणि आठवड्याला ७२ तास काम घेण्याची मुभा दिली. जादा तासांचा मोबदला दुप्पट नव्हे, नेहमीच्याच दराने. कारण दिलं ते ‘सार्वजनिक आणीबाणी’चं. १ ऑक्टोबर २०२० ला न्या. धनंजय चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पीठाने हे रद्द केलं. साथीने अर्थव्यवस्था मंदावणं म्हणजे कारखाना कायद्यातली सार्वजनिक आणीबाणी नव्हे, आणि साथीचा भार कामगाराच्या अंगावर टाकता येणार नाही, असा निकालाचा रोख होता. त्या काळातला ओव्हरटाइम कायद्याप्रमाणे देण्याचाही आदेश झाला.

फरक किती पडतो? समजा, तासाला ५० रुपये मजुरी आहे. ७२ तासांचे अधिसूचनेप्रमाणे ३,६०० होतात. कायद्याप्रमाणे ४८ तासांचे २,४०० आणि वरच्या २४ तासांचे दुप्पट दराने आणखी २,४००, म्हणजे ४,८००. आठवड्याला १,२०० रुपयांचा फरक. पण तो मागायचा तर किती तास भरले याचा कागद हवा, आणि बरेच यंत्रमाग तर कारखाना कायद्याखाली नोंदलेलेच नव्हते.

साथ आणि मजुरी यांचं नातं नेहमी असंच असतं का? १८९६ च्या अखेरीस मुंबईत प्लेग पसरला आणि गिरणी कामगार गावाकडे पळाले. तेव्हा गिरण्या चालूच होत्या, माणसं कमी पडली. एरवी पगार थकवून ठेवणारे गिरणीमालक रोजच्या रोज मजुरी मोजू लागले, नाक्यावर माणसांसाठी बोली लागली. २०२० मध्ये यंत्रंच थांबली आणि मागे उरलेल्या कामगाराच्या हाती सौदा करायला काही राहिलं नाही. त्याच प्लेगात फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा झाला. कोरोनात सरकारने तोच बाहेर काढला. त्यात मजुरीबद्दल एक अक्षर नाही. ज्यांच्या चळवळीमुळे १८९० मध्ये गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली, ते नारायण मेघाजी लोखंडे १८९७ मध्ये प्लेगनेच गेले.

आजारपणातल्या हक्कांचंही तसंच, नोंद असेल तरच. कामगार राज्य विमा योजनेत (ईएसआय) नोंद असलेल्याला आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मजुरीच्या ७० टक्के मिळतात. कोरोनाने मृत्यू झाल्यास वारसांना मजुरीच्या ९० टक्के देणारी योजना २०२१ मध्ये आली, तीही नोंद असलेल्यांच्याच वारसांना. १९२३ च्या भरपाई कायद्यात संसर्गजन्य रोग व्यावसायिक आजार धरला होता, पण जिथे लागणीचा खास धोका असतो अशाच कामांसाठी, म्हणजे मुख्यतः दवाखान्यातल्या. ‘आशा’ ताईंना ५० लाखांच्या विम्यात घेतलं, पण दारोदार फिरून केलेल्या कामाच्या मोबदल्यासाठी राज्यातल्या आशांना जून २०२१ मध्ये संप करावा लागला. जीव गेल्यावरची रक्कम मोठी, महिन्याची रक्कम किरकोळ, हा हिशेब मला आजही कळलेला नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या. प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र देणं बंधनकारक झालं, ही यातली सगळ्यात कामाची गोष्ट. परराज्यातल्या कामगाराला वर्षातून एकदा गावी जाण्यायेण्याचं भाडं मिळायचं आहे. मात्र १९७९ च्या कायद्यात असे पाच कामगार असले तरी संरक्षण होतं, आता किमान दहा लागतात, आणि अर्ध्या महिन्याच्या मजुरीइतका विस्थापन भत्ता गेला. कामाच्या जागी जिवाला तातडीचा धोका दिसला तर मालकाला आणि निरीक्षकाला कळवण्याचा हक्क आहे. पण तोवर काम सोडून बाजूला उभं राहण्याचा हक्क स्पष्ट शब्दांत दिलेला नाही. तसं कोणी उभं राहिलंच, तर त्या दिवशी हजेरी लावायची की खाडा, हे मुकादमच ठरवतो.