उभ्या गाडीची बॅटरी का उतरते?

पुण्याच्या पश्चिमेस मुळशी तालुक्यात गेल्या काही दशकांत शहरवासीयांची शेतघरे मोठ्या संख्येने उभी राहिली. पौड, कोळवण, ताम्हिणी या परिसरात अनेक जण स्थानिक कामांसाठी एखादी जुनी व्हॅन कायमची ठेवून देतात. तिच्यासाठी पत्र्याचे छप्पर असते. विजेची जोडणी मात्र बहुधा नसते. महिना-दीड महिन्याने मालक येतात, किल्ली फिरवतात, 'टक' असा एक आवाज होतो आणि गाडी ढिम्म राहते. दिवसाउजेडी ही केवळ गैरसोय असते. परंतु रात्री घरात कोणी आजारी असेल आणि घाटरस्त्यावर मदत पोहोचण्यास वेळ लागणार असेल, तर तीच गोष्ट जिवावर बेतू शकते. मार्च २०२० मधील टाळेबंदीनंतर शहरांतील असंख्य वाहनधारकांनीही हा अनुभव घेतला. बॅटरी वापराने संपते, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात ती नुसत्या उभे राहण्यानेही संपते.

गळती कोठे होते?

गाडीच्या नेहमीच्या शिसे-आम्ल बॅटरीत सहा घट असतात. पूर्ण भरलेल्या बॅटरीचा दाब सुमारे १२.६ व्होल्ट असतो. किल्ली काढल्यावरही घड्याळ, रेडिओची स्मृती, चोरीरोधक यंत्रणा आणि इंजिनाचे इलेक्ट्रॉनिक नियंत्रण थोडी वीज घेतच राहतात. ही गळती २५ मिलिअँपिअर धरली, तर दिवसाला ०.६ आणि महिन्याला १८ अँपिअर-तास वीज जाते. बॅटरीच्या अंतर्गत रासायनिक क्रियेमुळे होणारी घट वेगळी. उष्ण हवेत ती वाढते. लहान व्हॅनची बॅटरी ४० अँपिअर-तासांच्या आसपास असते. म्हणजे एका महिन्यात ती जवळजवळ निम्मी रिकामी होते.

नुकसान एवढ्यावरच थांबत नाही. उतरलेल्या अवस्थेत बॅटरी राहिली, की पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचे स्फटिक घट्ट बसू लागतात आणि पुढे कितीही वीज भरली तरी ते पूर्णपणे विरघळत नाहीत. चार-पाच वर्षे टिकू शकणारी बॅटरी त्यामुळे एक-दोन वर्षांतच निकामी होते.

दहा वॅटचे पॅनेल

गळती अल्प असल्याने भरपाईही अल्पच पुरते. दहा वॅटचे सौर पॅनेल भर उन्हात सुमारे अर्धा अँपिअर प्रवाह देते. हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात चार-पाच तासांचे चांगले ऊन मिळाले, तर दिवसाला दोन अँपिअर-तासांहून अधिक वीज जमा होते, गळतीच्या तिप्पट.

पॅनेल छपरावर दक्षिणेकडे तोंड करून, थोडे कलते बसवावे. झाडाची सावली एका कोपऱ्यावर पडली तरी उत्पादन बरेच घटते. गाडीच्या काचेमागे ठेवलेले पॅनेलही कमी वीज देते. पॅनेल आणि बॅटरी यांच्यामध्ये छोटा चार्ज कंट्रोलर अवश्य असावा. तो बॅटरी प्रमाणाबाहेर भरू देत नाही आणि रात्री वीज उलट दिशेने पॅनेलकडे जाऊ देत नाही. कंट्रोलरला आधी बॅटरी जोडावी, नंतर पॅनेल. बॅटरीच्या धन टोकाजवळ तारेत लहान फ्यूज घालावा. सिगारेट लायटरच्या खोबणीतून जोडणी करण्याचा मोह अनेकांना होतो. परंतु बऱ्याच गाड्यांत किल्ली काढताच ती खोबण बंद होते आणि पॅनेलची वीज बॅटरीपर्यंत पोहोचतच नाही.

पावसाळ्याचा हिशेब वेगळा

मुळशीत मात्र हे गणित वर्षभर चालत नाही. ज्या पावसावर मुळशीचा जलाशय भरतो आणि भिरा येथील वीजगृह चालते, तोच पाऊस सौर पॅनेलचा शत्रू ठरतो. ज्या धरणाविरुद्ध १९२१ मध्ये सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला, त्याचे पाणी मुंबईला वीज पुरवत आले; धरणाकाठच्या छपराखालील गाडीला मात्र सूर्याचीच वाट पाहावी लागते. दाट ढगांत पॅनेलचे उत्पादन भर उन्हाच्या दशांशापर्यंत घसरते. म्हणजे दिवसाला पाव अँपिअर-तासाच्या आसपास. गळतीच्या निम्म्याहूनही कमी. त्यात काचेवर शेवाळ आणि चिखल साचतो.

म्हणून जून ते सप्टेंबर या काळात गाडी वापरायची नसेल, तर बॅटरीचे ऋण टोक सोडवून ठेवणे हा सर्वांत स्वस्त उपाय होय. गळती थांबते, केवळ अंतर्गत घट उरते आणि पूर्ण भरलेली बॅटरी दोन-तीन महिने सहज तग धरते. टोक सोडवण्यापूर्वी गाडी साध्या किल्लीने उघडते की नाही, हे पाहून घ्यावे. सोडवताना ऋण टोक आधी आणि जोडताना ते शेवटी, हा नियम पाळावा. अन्यथा पाना धातूला लागून ठिणगी उडते. बॅटरीतून निघणारा हायड्रोजन ज्वालाग्राही असतो, हे विसरू नये. गाडी अधूनमधून लागणारच असेल, तर पॅनेल वीस वॅटचे किंवा त्याहून मोठे घ्यावे.

दहा मिनिटे इंजिन चालवून काय साधते?

आठवड्यातून एकदा शेजाऱ्याने किंवा राखणदाराने इंजिन दहा मिनिटे चालू ठेवावे, अशी पद्धत आहे. ती फारशी उपयोगाची नाही. मंद गतीच्या इंजिनावर अल्टरनेटर पुरेशी वीज देत नाही आणि शिसे-आम्ल बॅटरी शेवटचा हिस्सा अगदी सावकाश स्वीकारते. चालवायचीच, तर अर्धा-पाऊण तास रस्त्यावर न्यावी. बंद शेडमध्ये इंजिन चालवणे तर विषारी वायूमुळे घातकच.

एक साधा मल्टिमीटर या साऱ्या अंदाजांची जागा घेऊ शकतो. गाडी काही तास उभी राहिल्यावर, पॅनेल जोडलेले असल्यास पहाटे, दाब मोजावा. १२.६ व्होल्ट असल्यास बॅटरी पूर्ण भरलेली, १२.४ असल्यास पाऊण, १२.२ असल्यास निम्मी. आकडा १२.४ च्या खाली गेला, की बॅटरी वेळीच भरून घ्यावी. किल्ली फिरवल्यावर कळण्यापेक्षा आधी कळलेले केव्हाही बरे.