मेंदूच्या उंबरठ्यावरचे फोलेट

पालक, मेथी, मसूर, हरभरा आपल्या घरात शिजतातच. त्यांतले फोलेट म्हणजे जीवनसत्त्व ब-९. त्याच्या शोधाची एक वाट मुंबईतून जाते. १९२८ साली डॉ. ल्यूसी विल्स इथे आल्या. गिरणी कामगार स्त्रियांना गरोदरपणी होणारा रक्तक्षय यीस्टच्या अर्काने बरा होतो, हे त्यांनी दाखवले. त्या अर्कातला गुणकारी घटक पुढे फोलेट ठरला.

पण रक्तात फोलेट आले म्हणजे ते मेंदूत पोहोचले, असे नव्हे. मेंदूच्या पोकळ्यांत रक्तवाहिन्यांचे बारीक जाळे असते. मेंदूभोवतीचा द्रव तिथेच तयार होतो. त्या जाळ्यातले ‘फोलेट रिसेप्टर अल्फा’ हे प्रथिन फोलेटला धरून पलीकडे नेते. म्हणून त्या द्रवात फोलेट रक्तापेक्षा अधिक असते.

हे प्रथिन जन्मतः सदोष असले, किंवा शरीरातलीच प्रतिपिंडे त्याला अडवू लागली, तर रक्ताचा रिपोर्ट चांगला येतो आणि मेंदू मात्र उपाशी राहतो. चालणारे-बोलणारे मूल मागे पडते, तोल जातो, झटके येतात. जन्मजात दोष आई-वडील दोघांकडून येतो. नात्यातल्या लग्नात त्याची शक्यता वाढते.

हा आजार दुर्मीळ आहे, पण त्यावर फोलिनिक ॲसिडचा उपचार आहे. साध्या फोलिक ॲसिडच्या गोळ्या इथे चालत नाहीत. तेव्हा भगिनींनो, शिकलेले मूल विसरू लागले, तर नजर-साया म्हणत दिवस घालवू नका. मुलांच्या मेंदूविकार तज्ज्ञाला दाखवा. उपचार जितका लवकर, तितका फायदा अधिक.